विड्याचा रंग आणि दाताचे कवच

तंजावरपासून सुमारे चाळीस किलोमीटर अंतरावर, कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मधल्या सुपीक प्रदेशात कुंभकोणम हे नगर वसले आहे. मंदिरांसाठी आणि बारा वर्षांनी भरणाऱ्या महामहम पर्वासाठी ते प्रसिद्ध आहे. मराठी वाचकाला ते सर्वस्वी परके वाटू नये. सतराव्या शतकापासून १८५५ पर्यंत तंजावरला मराठ्यांचे राज्य होते आणि त्या काळात कावेरीकाठी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तेथे आढळतात. त्रावणकोर, इंदूर व बडोदे या संस्थानांचे दिवाण टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम येथील अशाच एका मराठी घराण्यात झाला.

या नगराची आणखी एक ख्याती म्हणजे तेथील विड्याचे पान. परिसरातील पानमळ्यांत हादग्याच्या झाडांवर चढविलेल्या वेलींची कोवळी पाने बाजारात येतात. २०२५ साली या पानाला भौगोलिक निर्देशांकाची मान्यताही मिळाली. सुपारीचे पातळ काप तेथे ‘सीवल’ या नावाने विकले जातात. पान, सीवल आणि चुना यांचा विडा जेवणानंतर खाल्ला जातो, पाहुण्यांपुढे ठेवला जातो आणि मंगल कार्यात तर त्याच्यावाचून चालतच नाही. तमिळ प्रदेशात वाङ्‌निश्चयाच्या विधीचे नावच ‘निच्चयतांबूलम्’ असे आहे. दोन्ही घरांनी तांबूलाची देवघेव केली की लग्न ठरले.

परंतु ज्या विड्याने लग्न ठरते, त्याच विड्याचा डाग दातांवर असेल तर लग्नाच्या छायाचित्रांत तो नकोसा वाटतो. मग वधू किंवा वर दंतवैद्याकडे जातो आणि दातांना ‘व्हेनिअर’ बसवून घेण्याची इच्छा व्यक्त करतो. ही इच्छा रास्त की गैर हा प्रश्न येथे नाही. त्या उपचारात नेमके काय केले जाते, काय मिळते आणि कोणती गोष्ट कायमची गमावली जाते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

शोभेच्या बदलत्या कल्पना

पांढरे दात म्हणजेच सुंदर दात, ही समजूत सर्व काळी व सर्व देशी सारखी नव्हती. महाराष्ट्रात जुन्या काळी सुवासिनी ‘दातवण’ लावून दात काळे करीत. त्यात हिराकस, हिरडा, मायफळ असे पदार्थ असत. हिराकशीतील लोह आणि हिरड्यातील टॅनिन यांच्या संयोगाने काळा रंग तयार होतो. जुन्या पद्धतीची लिहिण्याची शाईदेखील याच क्रियेने बनत असे. जपानमध्ये दात काळे करण्याची प्रथा प्रतिष्ठेची मानली जात असे. १८७० साली तेथील शासनाने सरदारवर्गाला ती बंद करण्याचा आदेश दिला आणि १८७३ साली सम्राज्ञी पांढऱ्या दातांनिशी लोकांसमोर आल्यावर ती झपाट्याने मागे पडली. विडा ‘रंगणे’ हेही आपल्याकडे कौतुकाचेच लक्षण होते. तात्पर्य, शोभेची कल्पना एका पिढीत बदलू शकते. दाताची रचना मात्र बदलत नाही.

दाताची रचना व डागांचे प्रकार

हिरडीबाहेर दिसणाऱ्या दातावर दंतवल्क नावाचे कठीण कवच असते. वजनाच्या मानाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. मानवी शरीरात याहून कठीण असा दुसरा पदार्थ नाही. त्याच्या आत पिवळसर दंतिन आणि दंतिनाच्या आत शिरा व रक्तवाहिन्या असलेला मगज असतो. दंतवल्क तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येण्याच्या सुमारास नाहीशा होतात. मोडलेले हाड सांधते, सोललेली कातडी भरून येते. परंतु घासले गेलेले दंतवल्क पुन्हा वाढत नाही. समोरच्या दाताच्या मानेपाशी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, कित्येकदा त्याहूनही कमी असते.

दातांवरील डाग दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार बाहेरून बसणारा. सुपारीतील टॅनिनयुक्त द्रव्यांचे चुन्याच्या संपर्कात ऑक्सिडीकरण होऊन लाल रंग तयार होतो आणि तो दातांवरील पातळ थरात व कीटणात मुरतो. कॉफी आणि तंबाखू यांचे डागही याच जातीचे. दुसरा प्रकार दाताच्या आतला. दात घडत असताना पाण्यातून अतिरिक्त फ्लोराइड पोटात गेल्यास दंतवल्कावर पांढरे वा तपकिरी पट्टे उमटतात. त्या वेळच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात फ्लोराइडमुळे हाडांत होणाऱ्या विकारांची नोंद १९३७ साली झाली होती. बालपणी दिलेल्या टेट्रासायक्लिन औषधानेही दातांत करडी छटा कायमची उतरते.

हा भेद ध्यानात ठेवणे महत्त्वाचे आहे. बाहेरचा डाग कीटण काढून व दात चकाकवून बहुतांशी जातो. विड्याने रंगलेल्या दातांच्या बाबतीत म्हणूनच पहिला उपाय स्वच्छता हा होय. त्यानंतरही पिवळेपणा राहिल्यास पेरॉक्साइडयुक्त द्रव्यांनी दात उजळता येतात. आतला गडद डाग, तुटलेली कड, जन्मतः वेडावाकडा आकार किंवा दातांमधील फट अशा कारणांसाठी व्हेनिअरचा विचार योग्य ठरतो.

व्हेनिअरची कथा

सुतार साध्या लाकडावर सागाचा पातळ पापुद्रा चिकटवितो, त्यालाच व्हेनिअर म्हणतात. दंतवैद्यकाने तेच नाव उचलले. चार्ल्स पिंकस या अमेरिकन दंतवैद्याने १९२० च्या दशकाच्या अखेरीस हॉलिवुडमधील नटनट्यांसाठी दातांवर बसविण्याचे पातळ मुखवटे बनविले. कवळी घट्ट बसविण्याच्या भुकटीने ते चिकटविले जात. चित्रीकरणापुरते ते टिकत. त्यांनी जेवणे मात्र शक्य नव्हते. अडचण चिनीमातीची नव्हती, चिकटविण्याची होती.

ती अडचण सुटण्याची वाट मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ साली दाखविली. धातूवर रंग घट्ट बसावा म्हणून कारखान्यांत फॉस्फरिक अम्लाचा वापर करीत. त्यावरून त्यांनी दंतवल्कावर हे अम्ल अर्धा मिनिट लावून पाहिले. अम्लाने पृष्ठभागावर सूक्ष्म खाचा पडल्या व त्यांत रेझीन शिरून घट्ट बसले. राफेल बोवेन यांनी शोधलेल्या टिकाऊ रेझीनचे एकस्व १९६२ सालचे. १९८३ मध्ये पोर्सेलिनचा आतला पृष्ठभागही अम्लाने खरबरीत करून तो दंतवल्काशी जोडण्याची पद्धती प्रसिद्ध झाली आणि आजचे व्हेनिअर प्रत्यक्षात आले.

या पद्धतीत दंतवैद्य दाताच्या दर्शनी पृष्ठभागावरून साधारणपणे ०.३ ते ०.७ मिलिमीटर थर घासून काढतो, दातांचा ठसा घेतो आणि प्रयोगशाळेत पोर्सेलिनची पातळ पापुद्री तयार करवून घेतो. दाताचा आकार अनुकूल असेल तर घासणे फारच थोडे लागते. पापुद्री दंतवल्कावर चिकटली तर बंध मजबूत असतो. अधिक घासल्याने दंतिन उघडे पडले तर बंध दुबळा होतो व थंड-गरम पदार्थांनी दात शिवशिवतो. उत्तम काम दहा वर्षे वा त्याहून अधिक टिकते. पण पापुद्री निखळली वा तडकली की नवी बसवावी लागते, कारण खालचा दात पूर्ववत राहिलेला नसतो. विशीत घेतलेला हा निर्णय म्हणजे जन्मभराच्या देखभालीचा करारच होय.

रेझीनचा लेप थेट दातावर चढविण्याचा दुसरा मार्ग कमी खर्चाचा आहे. त्यात घासणे कमी लागते, दुरुस्तीही सुलभ असते. मात्र विड्याचा व कॉफीचा रंग त्यावर लवकर चढतो. पोर्सेलिनवर डाग सहसा बसत नाही, परंतु पापुद्री व दात यांच्या सांध्यावर तो बसतोच. शिवाय समोरच्या दातांनी सुपारी फोडण्याची सवय कोणत्याही व्हेनिअरला घातकच.

डागाच्या मागे पाहणे

येथे सर्वांत महत्त्वाची बाब येते. विड्याचा लाल डाग केवळ शोभेचा प्रश्न नाही. तो एका सवयीची खूण आहे. १९५२ साली पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांत आणि १९५३ साली डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतात अशा एका विकाराचे वर्णन केले की ज्यात गालांच्या आतील व टाळूवरील अस्तर पांढुरके व ताठर होत जाते, तिखट सोसत नाही आणि तोंड उघडणे हळूहळू कमी होते. सुपारीशी त्याचा घनिष्ठ संबंध असल्याचे पुढे स्पष्ट झाले. या विकारातून कर्करोग उद्‌भवू शकतो. तंबाखूयुक्त विडा कर्करोगकारक असल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ साली प्रसिद्ध केला. तंबाखूविरहित विडा आणि खुद्द सुपारी यांनाही २००४ च्या अहवालात तेच स्थान मिळाले.

यास्तव विडा खाणारी व्यक्ती दात उजळून घेण्यासाठी आली, तर दक्ष दंतवैद्य प्रथम दातांकडे न पाहता गाल, जीभ, टाळू आणि हिरड्या यांकडे पाहतो. तोंडात तीन बोटे उभी मावत नसतील, पांढरा वा लाल चट्टा दिसत असेल किंवा दोन आठवड्यांत न भरणारा व्रण असेल, तर शोभेचे काम बाजूला ठेवून तपासणी करणे हेच त्याचे कर्तव्य ठरते. असा चट्टा राहू देऊन समोरच्या सहा दातांवर शुभ्र पापुद्र्या बसविणे म्हणजे वाळवी लागलेल्या वाशाला रंग देण्यासारखे आहे.

कुंभकोणमच्या पानाला स्वतःचा सुगंध व मान आहे. मंगल कार्यात ते देवापुढे व पाहुण्यांपुढे ठेवले जाईलच. दोष मुख्यतः सुपारीचा आणि तंबाखूचा. म्हणून क्रम असा असावा : आधी तोंडाची तपासणी, मग सुपारी-तंबाखूचा त्याग, त्यानंतर दातांची स्वच्छता आणि एवढे करूनही उणीव राहिली तरच व्हेनिअर. हा क्रम पाळणाऱ्या पुष्कळ जणांना शेवटच्या पायरीची गरजच उरत नाही आणि निसर्गाने एकदाच दिलेले कवच शाबूत राहते.