घर महिन्याला किती खातं?

ताई, गटाची बचत, मुलांची फी, किराणा सगळं तुमच्या वहीत असतं. घराची दुरुस्ती मात्र नसते. पत्रा गळायला लागला की मग ती आठवते आणि आपण कर्ज मागतो.

समजा, पत्रे बदलायला 20,000 रुपये लागतात आणि ते दहा वर्षं टिकतात. म्हणजे महिन्याला 167 रुपये. भाव वाढणारच, म्हणून 200 धरा. हेच 20,000 गटातून महिना 2 टक्क्यांनी काढून दरमहा 1,000 मुद्दल फेडली, तर 20 महिन्यांत 4,200 व्याज जातं. व्याज गटातच राहतं हे खरं, पण तुमच्या घरातून ते गेलंच ना?

शिर्डीत भक्तांना खोली देणाऱ्या बायांनी तर हे आधी करावं. रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसऱ्याला आलेलं सगळं भाडं नफा नसतं. रंग, नळ, मोटर त्यातूनच निघतं. गुरुपौर्णिमा पावसाळ्यात येते. तेव्हा खोली गळली तर गिऱ्हाईकही जातं. पत्र्याची पाहणी वैशाखातच करा.

पुढच्या बैठकीला येताना लिहून आणा: पत्रा, प्लास्टर, रंग, मोटर. प्रत्येकाचा खर्च किती आणि किती वर्षं टिकेल. भागाकार आपण मिळून करू.