माफी नव्हे, सोय

पापडी, वसई
दि. १२ मे २०२५

चि. मेधा,

डाव्या पायात कॅलिपर घालणारी विरारची मुलगी तुझ्या वर्गात दाखल झाली असून वॉर्डातील कोणती कामे तिला माफ करावीत, असे तू विचारतेस. तर प्रथम ही माफीची कल्पनाच मनातून काढून टाक. सिस्टर ट्यूटर म्हणून माझ्या हातून जी मोठी कसूर झाली ती येथेच झाली: पोलिओने पाय अधू झालेल्या एका विद्यार्थिनीस, ती पडेल या धास्तीने, मी तीन महिने दप्तराच्या मेजाशी बसवून ठेविले आणि त्यास करुणा समजत राहिले; परीक्षेत इंजेक्शन देताना तिचा हात थरथरला, तेव्हा उमगले की अधू पाय पोलिओचा होता, अनभ्यस्त हात मात्र माझी देणगी होती.

औषध योग्य रुग्णास, योग्य मात्रेत, वेळेवर पोचणे हे कर्तव्य; ते उभ्यानेच द्यावे हा केवळ शिरस्ता. छातीवर दाब देण्यास तिला खाटेशेजारी पायरी लागते काय, हे मॅनिकिनवर तिच्याकडूनच करवून पाहा. रुग्ण एकटीने उचलू नये असे आपण धडधाकट मुलींनाही शिकवितो, मग तेथे दुसऱ्या हाताची अपेक्षा हा तिचा उणेपणा कसा?

अशी वाजवी सोय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिचा हक्क मानली आहे. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातीलच एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, अपंगत्वाच्या दाखल्यावरील टक्केवारी एवढ्यावरूनच कोणास अपात्र ठरविता येत नाही, तो अभ्यासक्रम पुरा करू शकेल की नाही हे पाहिले पाहिजे. आणि तो निवाडा वैद्यकाचा असला तरी त्यातील विवेक परिचर्येस परका नाही. आज जिचा जन्मदिन, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलने क्रिमियाहून परतल्यावर कित्येक वर्षे रुग्णशय्येवरूनच काम केले, १८६० साली सेंट थॉमस रुग्णालयात निघालेल्या परिचारिका-विद्यालयाचा पायाही त्याच आजारपणात घातला. शपथविधीत दिवे लावताना आपण मुलींना हे सांगत नाही, याचे मला फार दुःख वाटते.

गुणांत तिला सूट देऊ नकोस. सकाळच्या लोकलमधून वसईस उतरताना दाराशी लोटणारी गर्दी तुला ठाऊकच आहे, तेव्हा हजेरीस पाव तासाची मुभा मात्र प्राचार्यांकडून लेखी घे. तोंडी मुभा बाई बदलल्या की बुडते.

रविवारी तिला घेऊन ये. आमच्या ओटीची पायरी उंच आहे. तेथे पाट टाकू की मागल्या दाराने येणे सोयीचे, हे तिलाच विचारून कळव.

तुझी,
आत्या