दोन पुड्या

(काचपेटीत मासे पाळण्याचा छंद अनेकांना असतो. पण सुट्टीत घराला कुलूप लावून गावाला जायची वेळ आली, की माशांचे काय करायचे, असा प्रश्न पडतो. प्रस्तुत पाठातील मुलीकडून पहिल्या वर्षी एक चूक झाली. ती चूक तिने दुसऱ्या वर्षी कशी सुधारली, ते या पाठात वाचा.)

आम्ही नंदुरबारला राहतो. माझे नाना-नानी भुसावळला असतात. दर वर्षी मे महिन्यात आम्ही सगळे त्यांच्याकडे जातो. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर नंदुरबार आहे. त्यामुळे एकदा गाडीत बसले, की थेट नानींच्या घरी!

माझ्याकडे एक काचपेटी आहे. अब्बांनी ती मला ईदेला आणून दिली. तिच्यात दोन गोल्डफिश आणि चार गप्पी मासे होते. शाळेतून आले, की मी आधी त्यांच्याजवळ जात असे. मला पाहताच ते काचेपाशी गोळा होत.

शेजारच्या काकूंचा छोटू सात वर्षांचा आहे. तोही रोज मासे पाहायला येई. स्टुलावर बसून तो तासन् तास त्यांच्याशी बोलत राही.

गेल्या वर्षी आम्ही सहा दिवसांसाठी भुसावळला निघालो. दारात रिक्षा उभी होती. अम्मी हाका मारत होती. मी घाईघाईने खाद्याचा भरलेला डबा छोटूच्या हातात दिला आणि म्हणाले, "माझ्या माशांना खायला घाल हं! त्यांना उपाशी ठेवू नकोस."

सहा दिवसांनी परत आले. दार उघडताच घाण वास आला. पेटीतले पाणी दुधासारखे पांढरे झाले होते. दोन्ही गोल्डफिश आणि दोन गप्पी मरून पडले होते. तळाशी कुजलेल्या खाद्याचा थर साचला होता. डबा मात्र रिकामा होता.

छोटू धावत आला. मी त्याच्यावर ओरडले, "तू माझे मासे मारलेस!"

तो काहीच बोलला नाही. मान खाली घालून घरी गेला. त्या दिवसापासून त्याने आमच्या घरी येणे सोडले.

शाळा सुरू झाल्यावर मी ही गोष्ट आमच्या विज्ञानाच्या सरांना सांगितली. त्यांनी शांतपणे विचारले, "रोज किती खाद्य घालायचे, ते तू त्याला सांगितले होतेस का?"

"नाही, सर."

"किती वेळा घालायचे, ते सांगितले होतेस?"

"नाही, सर."

"मग चूक कोणाची?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते.

सर म्हणाले, "छोटूने मासे मारले नाहीत. त्याने त्यांच्यावर माया केली. पण मासे उपासाने मरतील, अशी भीती तू त्याच्या मनात घातलीस. खरे तर निरोगी, पूर्ण वाढलेले मासे आठवडाभर अन्नावाचून राहू शकतात. आपल्या अन्नाचा मोठा भाग शरीर उबदार ठेवण्यात खर्च होतो. माशांचे तसे नसते. भोवतालचे पाणी जितके गरम, तितकेच त्यांचे शरीर गरम. म्हणून त्यांना थोडे अन्न पुरते. गोल्डफिशला तर पोटाची पिशवीच नसते. अन्न सरळ आतड्यात जाते. त्यामुळे तो सतत खायला तयार दिसतो. मासा काचेपाशी आला म्हणजे तो भुकेलाच आहे, असे समजू नये."

"मग मासे मेले कशाने?" मी विचारले.

"पाण्यामुळे. न खाल्लेले अन्न पाण्यात कुजते. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतूनही घाण बाहेर पडते. त्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषासारखा असतो. पेटीच्या गाळणीत काही उपयोगी जिवाणू राहतात. ते अमोनियाचे रूपांतर कमी अपायकारक पदार्थांत करतात. पण त्यांचीही एक मर्यादा असते. मूठमूठ अन्न पडू लागले, तर ते काय करणार? त्यात आपला उन्हाळा! नंदुरबारला मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंश तापमानाच्या एक लीटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. तीस अंशांला तो साडेसात मिलिग्रॅमच उरतो. आणि अन्न कुजतानाही प्राणवायू वापरला जातो. म्हणजे माशांचा श्वास दोन्हीकडून कोंडला."

मला फार वाईट वाटले. मासे गेले म्हणून तर वाटलेच. पण छोटूवर ओरडले, याचे अधिक वाटले.

या वर्षी पुन्हा मे महिना आला. आता माझ्याकडे सहा गप्पी आणि दोन मोली मासे होते. एक मोली बरीच म्हातारी झाली होती. आम्हांला शनिवारी निघून पुढच्या आठवड्यातील सोमवारी परत यायचे होते. धाकटा भाऊ म्हणाला, "आपा, मासे नदीत सोडून दे. सगळी काळजीच मिटेल."

मी सरांना विचारले. ते म्हणाले, "नको. गप्पी मासे मूळचे दक्षिण अमेरिकेतले. ते डासांच्या अळ्या खातात, म्हणून आरोग्य खात्याचे लोक हिवताप रोखण्यासाठी ते पाण्याच्या टाक्यांत व हौदांत सोडतात. पण नदी-ओढ्यांत ते गेले, तर तिथल्या मूळच्या माशांचे अन्न आणि जागा हिरावून घेतात. पाळलेला मासा नदीत कधीच सोडू नये. घरीच नीट तयारी कर."

मी वहीत तयारीची यादी केली.

निघण्याआधी दोन आठवडे मी एकही नवा मासा आणला नाही. नव्या माशाबरोबर रोग आला, तर आपल्यामागे कोण पाहणार? एक दिवस मी माशांना मुद्दाम उपाशी ठेवले. दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखेच पोहत होते. माझी भीती गेली.

निघण्याच्या तीन दिवस आधी मी पेटीतले पाव हिस्सा पाणी बदलले. सगळे पाणी एकदम बदलू नये, असे सरांनी सांगितले होते. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन असते. ते माशांना सोसत नाही. म्हणून नळाचे पाणी मी उघड्या बादलीत एक दिवस ठेवले होते. गाळणीचा स्पंज नळाखाली धुतला नाही. पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो हलक्या हाताने पिळला. त्यामुळे त्यातले उपयोगी जिवाणू वाचले. हे काम शेवटच्या दिवसासाठी ठेवले नाही. काही बिघडलेच, तर ते आपल्या डोळ्यांसमोर बिघडावे!

पेटी खिडकीपासून दूर, घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवली. ऊन पडले, की पाणी तापते आणि शेवाळही वाढते. वर तारेची जाळी बसवली. तिच्यातून हवा खेळते आणि मांजरही आत तोंड घालू शकत नाही. बाजूला पाण्याची एक बादली भरून ठेवली. उन्हाळ्यात पेटीतले पाणी आटते, तेव्हा त्यातले घालता येते.

शेवटी खाद्य उरले. मी कागदाच्या दोन लहान पुड्या केल्या. प्रत्येकीत दोन मिनिटांत संपेल एवढेच, चिमूटभर खाद्य घातले. एका पुडीवर 'मंगळवार' लिहिले, दुसरीवर 'शुक्रवार'. डबा कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावले.

पण पुड्या द्यायच्या कोणाला? अम्मी म्हणाली, "काकूंना दे." मी बराच वेळ विचार केला. मग काकूंच्या घरी गेले. छोटू ओसरीवर बसला होता. मला पाहून तो आत जाऊ लागला.

"छोटू, थांब," मी म्हणाले. "गेल्या वर्षी चूक माझी होती. मी तुला काही सांगितलेच नव्हते. या वर्षी माझे मासे तू सांभाळशील?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. "ताई, पुन्हा मेले तर?"

"मेले तर मला लगेच सांग. मी ओरडणार नाही."

काकू हसून म्हणाल्या, "अरे, अति तेथे माती, एवढे ध्यानात ठेव म्हणजे झाले!"

मी छोटूला घरी आणले आणि सगळे करून दाखवले. मंगळवारी एक पुडी, शुक्रवारी एक. बाकीच्या दिवशी फक्त पाहायचे. पंप चालू आहे का? पाणी खाली गेले आहे का? सगळे मासे दिसतात का? वीज गेली आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर पेटीतलेच मगभर पाणी घेऊन वरून हळूहळू ओतायचे. त्यामुळे पाण्यात हवा मिसळते. हे सारे मी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवले. खाली नानींच्या घरचा फोन नंबर लिहिला.

भुसावळला गेल्यावर माझे निम्मे लक्ष घरी होते. मंगळवार गेला. बुधवारी रात्री फोन वाजला. छोटूचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"ताई, दुपारी वीज गेली होती. तीन तास. मासे वर आले होते. मी आणि आईने आळीपाळीने पाणी ओतले. पण..." तो थांबला. "ती म्हातारी मोली मेली. मी खरेच जास्त खायला घातले नाही. शुक्रवारची पुडी तशीच आहे."

माझ्या घशात आवंढा आला. पण दिलेला शब्द मला आठवला. "मेलेली मोली बाहेर काढलीस ना?"

"लगेच काढली. पाणी खराब होईल, असे तू लिहिले होतेस. अंगणातल्या लिंबाखाली पुरली."

"मग तू बाकीच्या सातांना वाचवलेस," मी म्हणाले.

सोमवारी आम्ही परत आलो. पाणी स्वच्छ होते. सात मासे काचेपाशी आले. मला वाटले, आता यांना पोटभर खायला घालावे. पण मी हात आवरला. आधी थोडे पाणी बदलले, मग चिमूटभर खाद्य टाकले.

छोटू स्टुलावर चढून बसला होता. "ताई, इकडे बघ!" तो ओरडला. पाणवनस्पतीच्या मागे टाचणीच्या डोक्याएवढे डोळे चमकत होते. गप्पीची पिले! गप्पी मासे अंडी घालत नाहीत, पिलांनाच जन्म देतात.

"यांना मात्र रोज खायला लागते," मी म्हणाले. "अगदी थोडे थोडे. रोज येशील ना?"

छोटूने मान डोलावली. दोन्ही पुड्यांचे कागद त्याने नीट घडी करून खिशात ठेवले होते. ते त्याने माझ्या हातावर ठेवले.

शब्दार्थ
काचपेटी – मासे ठेवण्याची काचेची टाकी
गाळणी – पाणी गाळून स्वच्छ करणारे साधन
कल्ले – मासा ज्यांच्या साहाय्याने श्वास घेतो ते अवयव
प्राणवायू – ऑक्सिजन
अपायकारक – नुकसान करणारे
हिवताप – मलेरिया
सोसणे – सहन होणे
ओसरी – घरापुढची छपराची मोकळी जागा
आळीपाळीने – एकानंतर एक, बारी बारी से

वाक्प्रचार व म्हण
घशात आवंढा येणे – दुःखाने गळा भरून येणे
हात आवरणे – स्वतःला थांबवणे
अति तेथे माती – कोणतीही गोष्ट प्रमाणाबाहेर केली, तर नुकसान होते

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखिकेचे नाना-नानी कोठे राहतात?
(आ) पहिल्या वर्षी किती मासे मेले?
(इ) नळाचे पाणी एक दिवस उघड्या बादलीत का ठेवले?
(ई) लेखिकेने पुड्यांवर कोणते वार लिहिले?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) गप्पी मासे नदीत सोडू नयेत.
(आ) गाळणीचा स्पंज नळाखाली धुऊ नये.
(इ) उन्हाळ्यात पेटीतल्या माशांना प्राणवायू कमी पडतो.

प्रश्न ३. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) वीज गेल्यावर छोटूने काय केले?
(आ) "मग चूक कोणाची?" असे सर का म्हणाले? तुमचे मत लिहा.
(इ) मोली मेल्याचे सांगताना छोटूला काय वाटले असेल?

प्रश्न ४. कोण कोणास म्हणाले?
(अ) "पुन्हा मेले तर?"
(आ) "मासे नदीत सोडून दे."
(इ) "मग तू बाकीच्या सातांना वाचवलेस."

प्रश्न ५. हवा, रोज, खराब, आवाज हे शब्द मराठीप्रमाणे उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी चार शब्द शोधा व त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

प्रश्न ६. वचन बदला : मासा, पुडी, डबा, पेटी, पिलू.

उपक्रम
(१) तुम्ही आठ दिवस गावाला जाणार आहात. तुमची कोंबडी, शेळी किंवा कुंडीतील रोपे शेजाऱ्यांवर सोपवायची आहेत. त्यांच्यासाठी पाच सूचना मराठीत लिहा.
(२) मुंबईतील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. त्याविषयी माहिती मिळवून वर्गात सांगा.