मेमरीचा वेग आणि कोसळणारा संगणक

प्रश्न : रायझन ५ ५६००एक्स ओव्हरक्लॉक केला, डीडीआर४ मेमरी ४००० वर नेली. व्हिडिओ रेंडर करताना संगणक अचानक रीस्टार्ट होतो. व्होल्टेज आणखी वाढवू का?

उत्तर : नको. आधी दोष कुठे आहे ते शोधा. प्रोसेसर मूळ सेटिंगवर आणा आणि फक्त मेमरी तपासा. ४००० च्या मेमरीला एकास एक साथ द्यायची तर प्रोसेसरमधल्या इन्फिनिटी फॅब्रिकला २००० मेगाहर्ट्झवर धावावे लागते आणि या पिढीतल्या बहुतेक चिपना ते झेपत नाही. म्हणून ३६०० वर या, फॅब्रिक १८०० ठेवा. सीएल १८ हा मेमरीच्या विलंबाचा आकडा मोठा वाटतो, पण ३६०० वर त्याचा अर्थ १० नॅनोसेकंद. ३२०० वरच्या सीएल १६ चाही तेवढाच. म्हणजे विलंब तोच, वहनक्षमता जास्त. मेमरीला १.३५ व्होल्ट, प्रोसेसरमधल्या एसओसी भागाला १.१ च्या आसपास पुरे.

मग मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एक जरी चूक दिसली तरी ते सेटिंग नापास समजा. मेमरी तापली की चुका वाढतात, त्यामुळे हिवाळ्यात पास झालेले सेटिंग मे महिन्यात पुन्हा तपासा. त्यानंतरच प्रोसेसरला हात लावा. मेमरीतली चूक फाइली गुपचूप बिघडवते, तेव्हा आजच बॅकअप घ्या.