लहान धंद्याचे संकेतस्थळ : उभारणीतील नेहमीच्या चुका

पालघर जिल्ह्यात डहाणू-घोलवडकडील चिकू, वाणगाव भागातील मिरची व वाडा तालुक्यातील कोलम तांदूळ असा नामांकित माल पिकतो. बोईसर हे या मालाचे जवळचे गिऱ्हाईक होय. तारापूरची औद्योगिक वसाहत व अणुविद्युत केंद्र यांमुळे देशाच्या निरनिराळ्या भागांतील कुटुंबे येथे स्थायिक झाली असून, पश्चिम रेल्वेमुळे मुंबईची बाजारपेठही हाकेच्या अंतरावर आहे. ही कुटुंबे हल्ली खरेदीपूर्वी मोबाईलवर चौकशी करतात. त्यामुळे चिकूची भुकटी, चकत्या, लोणचे, पापड तयार करणारे बचत गट व शेतकरी उत्पादक कंपन्या स्वतःचे संकेतस्थळ उभारू लागल्या आहेत. हा उद्योग स्तुत्य आहे. परंतु पुष्कळदा असे आढळून येते की, पदरचे पैसे खर्चून उभारलेले संकेतस्थळ वर्षभरात निरुपयोगी होते. कारणे बहुधा तीच ती असतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ती आधीच समजावून दिल्यास हे नुकसान टळण्यासारखे आहे.

नाव कोणाच्या नावावर ?

सर्वांत महाग पडणारी चूक पहिल्याच दिवशी होते. संकेतस्थळास जे नाव घ्यावयाचे, ते नोंदवावे लागते. हे नाव विकत मिळत नाही. ते एक वर्षापासून दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीने भाडे भरून घ्यावे लागते व मुदत संपताच नूतनीकरण करावे लागते. संकेतस्थळ तयार करून देणारा कारागीर सोयीसाठी हे नाव आपल्याच नावे व आपल्याच ईमेलवर नोंदवितो, आणि गट त्याकडे लक्ष देत नाही. घर बांधणाऱ्या गवंड्याच्या नावे घराचा उतारा कोणी लावून देत नाही. येथे मात्र नेमके तेच घडते. पुढे कारागिराने धंदा बदलला, गाव सोडले अथवा देण्याघेण्यावरून तंटा झाला, म्हणजे गटाच्या हाती काहीच राहत नाही. नूतनीकरणाची सूचना त्याच्या ईमेलवर जाते, मुदत टळते, आणि काही काळाने ते नाव कोणासही घेता येते. तोपर्यंत ते नाव खोक्यांवर, पिशव्यांवर व पाटीवर छापून गेलेले असते. गटाच्याच खोक्यावरील नाव टाकून गिऱ्हाईक परक्याच्या दुकानात पोहोचते !

यास्तव नाव गटाच्या किंवा मालकाच्या नावेच नोंदवून घ्यावे. त्यासाठी गटाचा स्वतंत्र ईमेल असावा. सचिवांचा खासगी ईमेल देऊ नये, कारण सचिव बदलतात. पैसे भरल्याची पावती, नोंदणी करणाऱ्या संस्थेचे नाव, पासवर्ड व मुदत संपण्याची तारीख ही ठरावाच्या वहीबरोबर जपून ठेवावी. पासवर्ड निदान दोन जबाबदार व्यक्तींना ठाऊक असावा. शक्य असल्यास नाव एकदम तीन वा पाच वर्षांसाठी घ्यावे.

नाव निवडतानाही विचार करावा. फोनवर एकदा सांगितले असता ऐकणाऱ्यास ते बिनचूक लिहिता आले पाहिजे. ‘चिकू’ हा शब्दच रोमन लिपीत लोक दोन-तीन प्रकारांनी लिहितात. म्हणून तो नावात घ्यावयाचा झाल्यास प्रचलित रूपे तपासून पाहावीत. देवनागरी लिपीत ‘.भारत’ असा शेवट असलेली नावे २०१४ पासून मिळू लागली आहेत. असे नाव अवश्य घ्यावे, परंतु त्याच्या जोडीस रोमन लिपीतील नावही ठेवावे. बोईसरच्या गिऱ्हाइकांत देवनागरी टंकलेखनाची सवय नसलेले पुष्कळ आहेत.

फुकट मिळणाऱ्या जागेविषयी दोन शब्द सांगणे जरूर आहे. गुगल कंपनीने व्यवसायाच्या नोंदीबरोबर लहान दुकानदारांस फुकट संकेतस्थळ देऊ केले होते. मार्च २०२४ मध्ये कंपनीने अशी सर्व संकेतस्थळे बंद केली. जुन्या पत्त्यावर येणाऱ्यास व्यवसायाच्या नोंदीकडे वळविण्याची सोय जून २०२४ पर्यंतच होती. त्यानंतर ते पत्ते निकामी झाले. ज्यांनी हेच पत्ते कागदावर छापले होते, त्यांची छपाई वाया गेली. फुकटची सोय वापरू नये असे नाही. नकाशावरील व्यवसायाची नोंद आजही विनामूल्य असून ती प्रत्येकाने करून ठेवावी. मात्र छापावयाचा पत्ता स्वतःच्या नावावरचाच असावा.

छायाचित्रांचे वजन व अक्षरांचा घोळ

दुसरी चूक छायाचित्रांची. मोबाईलने काढलेले छायाचित्र सहज ४ मेगाबाइटचे असते. अशी दहा छायाचित्रे पहिल्याच पानावर जशीच्या तशी लावल्यास ४० मेगाबाइटचा भार होतो. एक मेगाबाइट म्हणजे ८ मेगाबिट. तेव्हा सेकंदास २ मेगाबिट वेग मिळणाऱ्या गिऱ्हाइकास हे पान पूर्ण दिसण्यास १६० सेकंद, म्हणजे दोन मिनिटे चाळीस सेकंद लागतील. गर्दीच्या लोकलमध्ये उभे राहून पाहणारा मनुष्य इतका वेळ थांबत नाही. हीच छायाचित्रे प्रत्येकी १५० किलोबाइटपर्यंत हलकी केल्यास सर्व मिळून दीड मेगाबाइट होतात व त्याच वेगाने सहा सेकंदांत दिसतात. मोबाईलच्या पडद्यावर डोळ्यास फरक जाणवत नाही. छायाचित्रे हलकी करण्याची साधने विनामूल्य मिळतात. कारागिरास हे काम आवर्जून सांगावे.

अक्षरांची अडचण मराठी माणसास विशेष भोवते. छापखान्यात पत्रके जुळविताना श्रीलिपी, कृतिदेव यांसारखे जुने टंक अद्यापि वापरले जातात. त्यांतील मजकूर त्या त्या टंकातच मराठी दिसतो. तोच उचलून संकेतस्थळावर घातला म्हणजे वाचणाऱ्यास रोमन अक्षरांचा व खुणांचा निरर्थक गोंधळ दिसतो. यावर उपाय म्हणून कारागीर पत्रकाचे चित्रच लावून मोकळे होतात. पान दिसावयास सुरेख दिसते. परंतु चित्रातील अक्षरे शोधयंत्रास भरवशाने वाचता येत नाहीत, अंध व्यक्तीचे वाचनसाधन त्यांपुढे अडते व फोन क्रमांकावर बोट ठेवले तरी फोन लागत नाही. ‘घोलवडचा चिकू’ असा शोध घेणाऱ्यापर्यंत असे पान पोहोचणे कठीण. म्हणून सर्व मजकूर युनिकोड पद्धतीनेच लिहवून घ्यावा. मोबाईलवर मराठीत निरोप लिहिताना हीच पद्धत वापरली जाते, तेव्हा ती कोणास नवी नाही.

गिऱ्हाइकास काय हवे ?

पुष्कळ संकेतस्थळांवर प्रथम अध्यक्षांचे छायाचित्र, मग उद्घाटनाचा सोहळा, मग संस्थेची उद्दिष्टे, आणि भाव मात्र कोठेच नाही, असा प्रकार दिसतो. गिऱ्हाईक ज्या कामासाठी आलेले असते ते उत्तर पहिल्याच पडद्यावर मिळाले पाहिजे : माल कोणता, वजन किती, किंमत किती, पोहोच कोठे व केव्हा, खर्च कोणाचा. ताज्या चिकूच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे आहे. तयार झालेले कठीण फळ झाडावरून काढल्यावर साधारणतः आठवड्याभरात मऊ पडते. तेव्हा फळ कोणत्या दिवशी काढले जाईल, कोणत्या दिवशी रवाना होईल व पोहोचल्यावर किती दिवस ठेवावे, हे स्पष्ट लिहावे. जेथे माल वेळेत पोहोचणार नाही तेथील मागणी घेऊच नये. नासलेल्या एका पेटीची तक्रार दहा पेट्यांची विक्री बुडविते.

मजकूर मराठीत असावाच. पण निदान भाव व पोहोचेची माहिती हिंदी व गुजरातीतही द्यावी.

कायद्याच्या बाबी

संकेतस्थळावरून मालाची विक्री करणाऱ्यास ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० लागू होतात. विक्रेत्याचे नाव, पत्ता, संपर्क क्रमांक व तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव द्यावे लागते. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावयाची व एक महिन्याच्या आत निवारण करावयाचे असते. लहान गटात हे काम एका सभासदाकडे नेमून दिले म्हणजे पुरे. खाद्यपदार्थ असल्यास अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक द्यावा.

येथे एका स्थानिक चुकीकडे लक्ष वेधले पाहिजे. डहाणू-घोलवड चिकूस २०१६ मध्ये व वाडा कोलमास २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपली वाडी त्याच भागात आहे, एवढ्यावरून मानांकनाची खूण संकेतस्थळावर लावता येत नाही. त्यासाठी उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यावी लागते. मानांकनाच्या क्षेत्राबाहेरून आणलेले फळ त्या नावाने विकणे तर सरळसरळ गुन्हा होय. शिवाय त्यामुळे खऱ्या बागायतदाराचा भाव पडतो तो वेगळाच.

पैसे स्वीकारताना

पैसे गटाच्या बँक खात्यातच यावेत. कोणा एका सभासदाच्या खात्याची संकेतखूण लावू नये. ‘पैसे पाठवितो, खूण स्कॅन करून पिन टाका’ असे सांगणारा मनुष्य फसविणारा समजावा. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही, ही गोष्ट फोन घेणाऱ्या प्रत्येक सभासदास पाठ असावी. संकेतस्थळाच्या पत्त्यास सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र नसल्यास गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर इशारा झळकतो व ते परत जाते. लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्था हे प्रमाणपत्र विनामूल्य देतात. त्यासाठी कोणी मोठी रक्कम मागत असल्यास आधी चौकशी करावी.

देखभाल व चाचणी

फळबाग लावून पाणी न दिल्यास जे होते तेच येथे होते. गेल्या हंगामाचा भाव, बंद पडलेला फोन व संपलेला माल दाखविणारे संकेतस्थळ नसलेले बरे. दरमहा एक दिवस ठरवून भाव, माल व फोन क्रमांक तपासावेत व पानावर तारीख घालावी. हे काम कारागिरावर न सोपविता गटातील एखाद्या शिकलेल्या मुलीस वा मुलास शिकवून घ्यावे.

संकेतस्थळ सुरू करण्यापूर्वी एक साधी चाचणी घ्यावी. गटाशी संबंध नसलेल्या तीन-चार माणसांच्या हाती, शक्यतो स्वस्त व जुना, मोबाईल द्यावा व ‘दोन किलो चिकू मागवा’ एवढेच सांगावे. त्यांना काहीही सुचवू नये. जेथे ते अडतात ती जागा टिपून घ्यावी. पहिला मनुष्य बहुधा पोहोच खर्चाच्या जागी अडतो. टिपणे कारागिरास देऊन दुरुस्ती झाल्यावरच त्याच्या कामाचा शेवटचा हप्ता द्यावा.