केबलवाल्याकडून नेट घेताना

मैत्रिणींनो, टीव्हीची केबल देणारेच आता घरी नेट देऊ लागलेत. आधी विचारा, तार कुठली? टीव्हीच्या जुन्या काळ्या तारेवर वस्तीतली बरीच घरं एकाच वाटेने नेट ओढतात, म्हणून संध्याकाळी गाडी अडते. शिवाय येणारं जोरात, जाणारं हळू. आणि पापडाचे फोटो गिऱ्हाइकाला धाडायला जाणारंच लागतं! फायबर म्हणजे काचेचा केसासारखा धागा, त्यातून उजेड धावतो. पुढचा काळ त्याचाच. पण लाईट गेली की घरातला डबा बंद, इन्व्हर्टर असेल तरच चालेल. महिना 400 रुपये सांगितले तर 18 टक्के जीएसटी धरून 472 होतात. डिपॉझिटची पावती घ्या, डबा कुणाच्या मालकीचा तेही त्यावर लिहून घ्या.