पावसाळ्याआधी रंगांचं कपाट

मे संपत आला की घराघरांत गाद्यांना ऊन दाखवतात, वाळवणाचे डबे भरून ठेवतात. हौशी चित्रकाराने त्याच आठवड्यात आपलं कपाटही उपसावं. मुंबई-कोकणात जुलैतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. धूळ फडक्याने निघते, पण ओल आत शिरली की चित्राचं सामान खरंखुरं बिघडतं.

साहित्य : घट्ट झाकणाचे डबे, प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्या, नारिंगी सिलिका जेल, अंगाचा साबण, सुती आणि मायक्रोफायबरची फडकी.

सुरुवात कागदापासून करा, कारण तो बिघडला तर दुरुस्ती नाही. जलरंगाच्या कागदाला खळ असते, म्हणून रंग वर तरंगतो. दमटपणात ही खळ मरते. कागद दिसायला तसाच राहतो, पण पहिल्याच वॉशला रंग ठिकठिकाणी टिपकागदासारखा शोषला जातो आणि डाग उमटतात. शंका असेल तर कोपऱ्यावर नुसत्या पाण्याचा फटकारा मारा. पाणी लगेच आत गेलं तर तो कागद कोळशाला किंवा पेन्सिलीला ठेवा. चांगले कागद कोरड्या दिवशी पिशवीत घालून तोंड चिकटपट्टीने बंद करा आणि आडवे ठेवा. बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. पिशवीत सिलिका जेलची पुडी हवीच. दाण्यांचा नारिंगी रंग गेला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोनेक तास तापवून ते पुन्हा वापरता येतात. मात्र त्यासाठीचा ट्रे स्वयंपाकात नको. निळे दाणे टाळा, त्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं.

आता ब्रश. कोमट किंवा गार पाण्यात धुवा, गरम पाण्याने आतला गोंद सैल होतो. ओला ब्रश तळहातावरच्या साबणात गोल फिरवा, फेस पांढरा येईपर्यंत. रंग साठतो तो केसांच्या मुळाशी, धातूच्या नळीजवळ. तिथे बोटांनी चोळा. मग टोक चिमटीत धरून आकार द्या आणि आडवा वाळवा. ओला ब्रश बरणीत उभा केला की पाणी नळीत उतरतं, दांडी फुगते, वरचा रंग तडकतो. पूर्ण वाळल्यावर मात्र केस वर करून खुशाल उभा ठेवा. खऱ्या केसांच्या ब्रशला कसर लागते. कडुलिंबाचा पाला घालणारे घालतात. माझा भरवसा स्वच्छ धुतलेल्या ब्रशवर आणि घट्ट डब्यावर.

वड्यांची रंगपेटी काम झाल्या झाल्या मिटू नका, रात्रभर पंख्याखाली उघडी ठेवा. ट्यूबच्या आट्या पुसूनच झाकण लावा. अडकलंच तर झाकणाकडची बाजू मिनिटभर गरम पाण्यात धरा, पक्कड शेवटी.

तैलरंगवाल्यांना एक ताकीद : जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कचऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता तयार होते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. एकेक चिंधी मोकळी पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बंद करा.

पेन टॅब्लेटचं काम त्यामानाने थोडं. निब नखावर फिरवून बघा. टोक छिन्नीसारखं तिरकं झालं असेल तर बदला, नाहीतर त्याची धार पृष्ठभागावर चरे पाडते. कागदाचा पोत देणारी फिल्म लावली असेल तर निब लवकर झिजते, तेव्हा दोन-चार जास्तीच्या आणून ठेवा. पुसताना वायर काढा, फडकं किंचितच ओलं करा; काच पुसायचा फवारा थेट मारू नका. बराच काळ वापर नसेल तर बॅटरी निम्मी भरून ठेवा आणि कव्हरमध्येही एक पुडी टाका.

चित्रांच्या फाइली राहिल्या. लेयर असलेली मूळ फाइल आणि साधी प्रत, दोन्ही आणखी दोन ठिकाणी हव्यात, त्यातलं एक घराबाहेरचं. लॅपटॉपच्याच बॅगेत असलेली हार्ड डिस्क मी त्यात धरत नाही.

ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली की पिशव्या एकदा तपासा. रंग बदललेल्या पुड्या तेवढ्या काढून दुसऱ्या घाला.